तपकिरी डब्याचा आकडा

१

दुपारची भाकरी झाली की मी धरणाच्या कडेकडेनं चालत शेखर साहेबांच्या बंगल्यावर जातो. कुलूप काढायचं, चपला बाहेर, खिडक्या उघडायच्या, एकच पंखा लावायचा. दुसरा नाही, कारण त्याचं वारं थेट रुळांवर येतं आणि हलके डबे थरथरतात. मग भिंगाचा चष्मा चढवायचा आणि आगगाडीपाशी बसायचं.

खेळण्यातली आगगाडी म्हणाल तर साहेब रागावतील. बारा हात लांब आणि सहा हात रुंद असं प्लायवूडचं टेबल आहे. त्यावर डोंगर, बोगदा, स्टेशन, मालधक्का, आणि काचेसारखं रसायन ओतून केलेलं तळं. इंजिन माझ्या पंजाएवढं. मालडबे बावीस. साहेब पुण्यात बावधनला राहतात, रविवारी येतात. दोन वर्षांमागं आजारपणात त्यांचे हात कापायला लागले, तेव्हापासून बारीक काम माझ्याकडं आलं. माझी शाळा दुसरीत संपली, पण चाळीस वर्षं मी जाळी विणलीत, बोटांना बारीकसारीक गाठींची सवय आहे. सत्तरीला टेकलो आणि हे काम मिळालं. खरं सांगतो, सकाळी उठल्यापासून दुपार कधी होतेय असं होतं मला.

काम कसं, ते सांगतो. प्रत्येक डब्याला पुढं-मागं एकेक आकडा. दोन डबे टेकले की आकडे एकमेकांत अडकतात. आकड्याखाली लोखंडाची केसाएवढी तार लोंबते, तिला मी मिशी म्हणतो. मालधक्क्याजवळ दोन रुळांच्या मधे चुंबक पुरलंय. गाडी त्याच्यावर थांबवायची आणि इंजिन जरासं मागं रेटायचं, म्हणजे आकड्यांना ढील मिळते. ढील मिळाली की चुंबक एक मिशी इकडं ओढतं, एक तिकडं, आणि आकडे उघडतात. मग इंजिन पुढं न्यायचं. मागचा डबा जागच्या जागी राहतो. हात लावायचा नाही. पण ताण असला तर उघडत नाही, कितीही मोठं चुंबक आणा. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी एकटाच त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत बसलो होतो.

डबा हलका असला तर सांध्यावर उडतो, म्हणून आत वजन घालायचं. सगळा डबा मिळून एकशेदहा ग्रॅम, काट्यावर मोजून. त्यासाठी शिसं साहेब पुण्याहून आणतात. पुढच्या रविवारी साहेबांचे आगगाडीवाले मित्र बघायला येणार होते, आणि एक हिरवा नि एक तपकिरी असे दोन डबे अजून रिकामे होते. साहेब फोनवर म्हणाले, रविवारीच आणतो शिसं. मी म्हटलं, तोवर थांबायचं कशाला? मासे धरायच्या जाळ्याला खाली शिशाच्या गोळ्या असतातच की. हिरव्या डब्यात माझ्या जाळ्यातल्या घातल्या. त्या तेवढ्यातच संपल्या. मग माळ्यावरनं दुसरं जाळं काढलं. ते कैलासदादाचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नऊ वर्षांमागं भादव्यात आम्ही दोघं हवा भरलेल्या ट्यूबांवर बसून धरणात मासे धरायला गेलो आणि मी एकटा परत आलो. दादा सापडला नाही. त्याचं जाळं माझ्या ट्यूबवर राहिलं होतं म्हणून घरी आलं. असं जाळं आमच्यात कोणी वापरत नाही आणि मोडतही नाही, नुसतं ठेवून देतात. पण मी म्हटलं, गोळ्याच तर आहेत. अकरा गोळ्या सोडवून घेतल्या आणि तपकिरी डब्यात बसवल्या.

सोमवारी दुपारी गाडी चालवली. वीस डबे चुंबकावर टकाटक सुटले. हिरवा आणि तपकिरी एकमेकांपासून सुटले नाहीत.

२

खोटं कशाला बोलू, आनंदच झाला मला. सगळं नीट चालणाऱ्या गाडीत माझं काय काम?

मापाच्या पत्र्यानं आकड्यांची उंची बघितली, बरोबर होती. मिशा सरळ होत्या. आकड्यात काळी पूड फुंकली. चाकं काढून पुसून परत बसवली. हिरवा डबा पिवळ्याला जोडला, सुटला. तपकिरी पिवळ्याला जोडला, सुटला. हिरवा नि तपकिरी जोडले, नाही. शेवटी दोघांचे आकडेच नवे घातले. तरी नाही.

मग भिंग अगदी जवळ धरून बघितलं. मिशा हव्या तशा दोन्हीकडं ओढल्या जात होत्या. आकडे उघडायला निघत होते. आणि तपकिरी डब्याचा आकडा परत मिटत होता. झटक्यानं नव्हे, सावकाश. तान्ह्या पोरानं आपलं बोट धरलेलं असतं, आपण सोडवायला लागलो की ते झोपेतच मूठ आवळतं, तसं.

मी जवळजवळ पळत घरी गेलो. बायको अंगणात पावटा सोलत बसली होती.

"आलं बगा पोरगं शाळंतनं," फुलाबाई म्हणाली.

"अगं ऐक तर! बाविसातलं दोनच डबं सुटंनात. आन् त्येबी एकमेकापासनंच!"

"मंग ऱ्हाऊ द्यात की जोडीनं. तुमचं काय जातंय?"

"अगं, रविवारी पाव्हणं येत्यात!"

"पाव्हन्यांना दोन डबं जोडल्यालं बगून ताप येनार हाय व्हय?"

भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. रत्नावयनी. दादाची बायको. आमचं घर एकच होतं, मधे भिंत घातलीय एवढंच. ती ओट्यावर येऊन उभी राहिली. हातात हिरव्या बांगड्या. नऊ वर्षांत तिनं त्या उतरवल्या नाहीत. "सापडलं न्हाईत म्हंजी गेलं न्हाईत," असं म्हणते, आणि त्यावर कोणी काही बोललं की उठून जाते.

"भावजी, मलाबी दावा की गाडी येकदा," ती म्हणाली.

"रविवारी तुमीच तर सैपाक करायला हाय तितं. तवा बगा की, वयनी."

दादा गेला त्या दिवशी काय झालं ते मी सगळ्यांना एकच सांगितलंय. आमच्या दोघांच्या ट्यूबा दोरानं बांधलेल्या होत्या, वारं सुटलं, दोर तुटला. पोलिसांनाही तेच, विहारातल्या मंडळींनाही तेच. वयनीनं एकदाही उलटून विचारलं नाही. काही गोड केलं की पहिली वाटी माझ्याकडं येते. पाय सुजला होता तेव्हा फुलाबाईच्या आधी तिनं मला दवाखान्यात नेलं. तिचं मन माझ्यावरून उठलं तर या गावात माझं काय राहील, याचा विचार मी नऊ वर्षं रोज थोडाथोडा करतोय.

३

मंगळवारी मी दोघांना हातानं वेगळं केलं. हिरवा मालधक्क्याच्या एका टोकाला ठेवला, तपकिरी दुसऱ्या टोकाला. मधे चार हातांचं अंतर. चहा ठेवायला मागं गेलो. परत आलो तर दोघं जोडलेले.

मी हसलोच. साहेबांना फोन लावला.

"दामूअण्णा, त्यात काही नाही हो," साहेब म्हणाले. "चाकांचे आस लोखंडी आहेत. चुंबक त्यांना ओढतं. पितळी आस घाला, डाव्या खणात आहेत."

किती सोपं! मला थोडं वाईटच वाटलं. पितळी आस घातले. पाणसळ ठेवून टेबल बघितलं, बुडबुडा बरोबर मधे. डबे परत दोन टोकांना ठेवले आणि मी स्टुलावर बसून बघत राहिलो. दीड तास. मासा लागायची वाट बघत बसायची सवय आहे मला, दीड तास म्हणजे काहीच नाही. डबा हलला नाही. बाहेर रस्त्यावर रिसॉर्टची कुठलीशी बस वाजली, मी खिडकीकडं वळून बघितलं, आणि मागं आवाज झाला.

टक्.

जोडलेले होते.

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, त्याच वेळी मला नाचावंसं वाटलं. पितळी आस! पाणसळीचा बुडबुडा मधे! म्हणजे चुंबक नाही, उतार नाही. म्हणजे हे काहीतरी वेगळंच होतं, आणि जगात ते फक्त मला माहीत होतं.

बुधवारी जाताना मी पावलं टाकत होतो की उड्या मारत होतो, सांगता येणार नाही. त्या दिवशी मी शहाणपणा केला. डबे टोकांना ठेवले आणि पाठ करून बसलो. बघितलं की तपकिरी डबा येत नाही ना, मग बघायचंच नाही, ऐकायचं. पंखाही बंद केला.

बराच वेळ काही नाही. मग चाकांचा आवाज आला, रुळावर बारीक किरकिर. थांबला. परत किरकिर. परत थांबला. मी बोटांवर मोजायला लागलो. थोडं पुढं, थांबला. थोडं पुढं, थांबला. घरंगळणारी वस्तू अशी येत नाही, ती एकदा सुटली की येतच राहते. हे तसं नव्हतं. हे ओढून घेणं होतं. एक हिसका, मग दम. एक हिसका, मग दम.

असं कोण येतं ते मला माहीत होतं. पाण्यात दमलेला माणूस दोराला धरून असा येतो. एक हात पुढं टाकतो, ओढून घेतो, तोंड वर काढून श्वास घेतो, मग दुसरा हात.

टक्.

मी वळलो नाही. खिडक्या तशाच उघड्या टाकून घरी आलो. वाटेत मला हसू येत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं.

"दात का काढतायसा?" फुलाबाई म्हणाली. "सुटलं व्हय डबं?"

"न्हाई."

"मंग?"

"काय न्हाई. च्या टाक."

४

दोन दिवस गेलो नाही. पाय दुखतोय म्हणून सांगितलं. पण शनिवारी राहवेना. मनाशी म्हटलं, दामू, म्हातारा झालास. कान वाजतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, जाळ्यातल्या गोळ्यांची नसती भीती घेऊन बसलास. गोळ्या काढायच्या, परत जाळ्याला बांधायच्या, जाळं माळ्यावर. डबा रिकामा राहिला तर राहू दे. साहेब उद्या शिसं आणतायतच.

दुपारचं लख्ख ऊन हॉलमध्ये आलं होतं. तळ्याची काच चमकत होती. हिरवा नि तपकिरी जोडून उभे होते. मी त्यांना वेगळं केलं आणि तपकिरी डबा काट्यावर ठेवला. एकशेदहा. वरचं झाकण काढलं. चिमट्यानं एकेक गोळी बाहेर काढली आणि बशीत ठेवली. अकरा. गार होत्या. शिसं गारच असतं म्हणा.

रिकामा डबा काट्यावर ठेवला.

एकशेदहा.

काटा बिघडला असेल. पिवळा डबा ठेवला, एकशेदहा. नुसत्या गोळ्या ठेवल्या, साठ. नुसतं झाकण ठेवलं, चार. काटा चांगला होता. परत रिकामा तपकिरी डबा ठेवला. एकशेदहा. डब्यात बोट घालून बघितलं. काही नाही. कोरडं प्लास्टिक. पण तो हातात धरल्यावर आतलं वजन एका बाजूला गेलं. मी सरळ केला, वजन हळूच परत मधे आलं. झोपलेला माणूस कूस बदलतो, तेवढ्या वेळात.

मी गोळ्या परत भरल्या. घाईघाईत दोन खाली सांडल्या, त्या टेबलाखाली गुडघ्यावर बसून शोधल्या. त्या तिथं, टेबलाखाली, मी पहिल्यांदा स्वतःशी तोंडानं बोललो.

दोर तुटला नव्हता.

दादाच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह गेला होता. तो बुडत होता, आणि दोरामुळं माझी ट्यूबही एका अंगाला कलत होती. मला पोहता येत नाही. चाळीस वर्षं पाण्यावर काढली, पण पोहता येत नाही. मी गाठ सोडली. आणि ती गाठ कधी सुटली? दोर ताणलेला होता तोवर सुटत नव्हती, मी नखं मोडेपर्यंत झटलो. मग दोर सैल पडला. दादा दोराला धरून ओढत ओढत माझ्या जवळ आला होता. म्हणून सैल पडला.

तपकिरी डबा मी कपाटात ठेवला, मागं, जुन्या रंगांच्या डब्यांच्याही मागं. कपाटाला कुलूप लावलं. उद्या एकवीस डब्यांची गाडी चालेल, कोणाला कळणार आहे?

५

रविवारी काय धमाल होती म्हणता! सकाळी दहापासनं पुण्याचे पाहुणे यायला लागले. आठ माणसं, बहुतेक पांढऱ्या केसांची, आणि सगळी पोरांसारखी. कोणी इंजिनाचा वास घेतोय, कोणी जमिनीवर आडवा होऊन बोगद्यात डोकावतोय. "हे आकडे तुम्ही लावले, आजोबा? अहो, मला चाळीस वर्षांत असे जमले नाहीत!" माझी छाती फुगली. मागं रत्नावयनी भाकरी थापत होती, फुलाबाई पावट्याची भाजी वाढून ठेवत होती, वास सगळ्या हॉलमध्ये. त्या गडबडीत माझ्या मनातलं बरंच काही पुसलं गेलं.

"एकवीसच?" साहेबांनी डबे मोजले. "तपकिरी कुठंय?"

"त्यो जरा... त्याचा आकडा नीट न्हाई, साहेब."

"अहो, चालेल. मला बावीसच्या बावीस हवेत." कपाटाची किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती, पण दुसरी साहेबांकडं होती. मी काही बोलेपर्यंत त्यांनी कपाट उघडून थरथरत्या हातानं तपकिरी डबा आणून गाडीच्या शेवटी लावला. शेवटून दुसरा हिरवा होता.

गाडी सुटली. काय गेली सांगू! डोंगराला वळसा, बोगदा, स्टेशन, कुठं धक्का नाही, कुठं उडी नाही. पाहुणे वाकून वाकून बघत होते. फुलाबाई नि वयनीपण हात पुसत पुढं आल्या. वयनी मालधक्क्याच्या अगदी टोकाला उभी राहिली, जिथं रूळ संपतो.

"आता मंडळी," साहेब म्हणाले, "शेवटचा डबा धक्क्यावर सोडायचा. हात न लावता. दामूअण्णा, तुम्ही सांगा कसं ते."

मी सांगितलं. चुंबक, मिशी, सगळं. साहेबांनी गाडी चुंबकावर उभी केली, जराशी मागं रेटली, आणि पुढं नेली. तपकिरी डबा हिरव्याच्या मागं निघाला. कोणीतरी खाकरलं. परत मागं, परत थांबवली, परत पुढं. तिसऱ्यांदा.

"चुंबक झोपलंय काय हो?" एक पाहुणा म्हणाला. बाकीचे हसले. साहेबांच्या कानशिलावर घाम आला. त्यांनी या रविवारची केवढी वाट बघितली होती.

"भावजी," वयनीनं विचारलं, "ढील म्हंजी काय म्हनालात?"

"म्हंजी... दोगं जवळ आलं पायजेल, वयनी. ताण असला की सुटत न्हाई."

"दोराच्या गाठीचंबी तसंच असतंय न्हवं?"

तिनं सहज विचारलं असेल. तिच्या तोंडाकडं बघून मला काही कळलं नाही. पण हॉलमध्ये ती एकटीच डब्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

गाडी चुंबकावर चौथ्यांदा उभी होती. मला तो आकडा दिसत होता, भिंग नसतानाही दिसत होता, उघडत, मिटत.

"दोर तुटला नव्हता, वयनी," मी म्हणालो. "मीच सोडला."

फुलाबाईनं माझा दंड धरला. पाहुण्यांना वाटलं आमचं घरचं काही चाललंय, ते गाडीकडंच बघत राहिले.

वयनीनं बांगड्या मनगटावर मागं सारल्या. मग म्हणाली, "ताणात सुटत न्हाई म्हनालात."

"व्हय."

"म्हंजी ते जवळ आलं व्हतं."

"हाताला हात लागंल इतकं."

टक्.

हा आवाज वेगळा होता. आकडा उघडला होता. साहेबांनी इंजिन पुढं नेलं, हिरवा डबा पुढं गेला, आणि तपकिरी जागेवर राहिला. "वा!" म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या छातीवरनं केवढं तरी ओझं उतरलं, पाय हलके झाले, मीही टाळी वाजवायला हात उचलले.

तेवढ्यात तपकिरी डबा हलला.

हिरव्याकडं नाही. उलटा, वयनीकडं. थोडा पुढं आला, थांबला. थोडा पुढं आला, थांबला. आजवर मी बघत असलो की तो हलायचाच नाही. आता दहा-बारा माणसं बघत होती आणि त्याला कशाची पर्वा नव्हती.

"अरे, हे कसं केलंत?" पाहुणे ओरडायला लागले. "आजोबा, कमाल! बॅटरी कुठं लपवलीय?" साहेब माझ्याकडं असे बघत होते, जशी काही मीच त्यांच्यासाठी गुपचूप ही गंमत करून ठेवली होती. त्यांचे डोळे भरले होते.

रूळ तिथं तळ्याच्या कडेनं जातो. खिडकीतलं ऊन काचेवर पडलं होतं, आणि काचेत डब्याचं प्रतिबिंब उलटं दिसत होतं. वर रुळावर डबा एकटाच होता. खाली काचेत त्याच्यापुढं चार बोटं होती. मोठ्या माणसाची. पांढरीफटक, पाण्यात फार दिवस राहून सुरकुतलेली. ती रुळाखालच्या पुढच्या फळीला धरत होती, ओढत होती, दम घेत होती, परत पुढची फळी धरत होती.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा डबा रुळाच्या टोकाला पोचला होता आणि वयनीनं तळहात पुढं धरला होता. डबा तिच्या हातावर उतरला. वजनानं तिचा हात खाली गेला.

"लई दमलात," ती म्हणाली.

तिनं डबा पदरात घेतला. कोणाचा निरोप न घेता पायात चपला सरकवल्या आणि उन्हात चालायला लागली.

६

साहेबांनी डब्याचं नाव काढलं नाही. पाहुण्यांनी जाताना पत्ता मागितला, एकानं मला पुण्याला बोलावलं.

रात्रभर फुलाबाई भिंतीकडं तोंड करून पडून होती. पहाटे एवढंच म्हणाली, "तिच्या पाया पडा. मारील, मारू द्या."

सोमवारी बाराच्या सुमाराला गेलो. दहा पावलांचं अंतर, पण मला मधे एकदा भिंतीला टेकावं लागलं. आत रडारड ऐकू येईल, नाहीतर काहीच ऐकू येणार नाही, असं वाटलं होतं. तसं नव्हतं. वयनी बोलत होती. हसत होती. असं हसणं मी तिच्या तोंडून नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं.

"...आन् समद्यांनी टाळ्या वाजवल्या की वो! त्यो येक म्हातारा तर उड्याच मारीत व्हता."

मग ती थांबली. समोरचा काही बोलत असेल तेवढा वेळ थांबली, आणि परत हसली.

दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आतलं काही नीट दिसत नव्हतं. चूल पेटलेली, तिच्यावर काहीतरी शिजत होतं. वयनी माझ्याकडं तोंड करून पाटावर बसली होती. केस धुतलेले, नवं लुगडं. तिच्यासमोर ताट वाढलेलं, पण तिच्यासाठी नाही, भिंतीकडच्या बाजूला बसणाऱ्यासाठी. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आनंद होता, पोरीसारखा, मावत नव्हता.

"वयनी, मी..."

"आत या की, भावजी," ती म्हणाली. "बरं झालं आलात. मघाधरनं इचारत्यात, मला काय नीट सांगता येईना. तुमीच बसून सांगा ह्येंना, गाठ कशी सोडली ती."

मी उंबऱ्यावर उभा होतो. आत भिंतीकडेच्या अंधारात कुणीतरी बसल्या जागेवरून थोडं सरकलं, मला जागा करून द्यायला.